टेबलावर ठेवलेला सेन्सर डोंगर का चढतो?

पुण्यातल्या एखाद्या घरात बीएमपी-२८० हा नखाएवढा दाबाचा सेन्सर सकाळी दहा वाजता टेबलावर ठेवला, आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडला आणि लायब्ररीसोबत, म्हणजे सेन्सरासाठी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या संचासोबत, येणारा उंची सांगणारा तयार प्रोग्रॅम चालवला, तर पडद्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये दिसू लागते. दुपारी चार वाजता तोच पडदा पुन्हा पाहावा. टेबल जागचे हललेले नसते, सेन्सरला कोणी हात लावलेला नसतो, तरी उंची पंचवीस-तीस मीटरने वाढलेली असते, म्हणजे हिशेबाने टेबल आठ-नऊ मजले वर गेलेले असते. रात्री दहापर्यंत ते बरेचसे खाली उतरते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा थोडे चढते. नवखा माणूस येथे सेन्सर बिघडलेला निघाला असे समजून तो बदलून आणायला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जातो. बदलून आणलेला सेन्सरही दुसऱ्या दिवशी तोच डोंगर चढतो.

सेन्सर आपले काम चोख करत असतो. आपण त्याला उंची विचारतो आणि त्याला उंचीबद्दल काहीही ठाऊक नसते. तो फक्त आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब सांगतो आणि त्या दाबावरून उंचीचे अनुमान आपला प्रोग्रॅम काढतो. हौशी प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या हालचालीच्या, चुंबकाच्या आणि दाबाच्या जवळजवळ सर्व सेन्सरांची हीच गत आहे. आपल्याला हवी असते ती राशी एक असते, सेन्सर मोजतो ती दुसरी असते, आणि या दोहोंमधले अंतर किती आहे व ते कशाने भरून काढायचे हे समजणे हाच या छंदाचा खरा अवघड भाग आहे. तारा जोडणे त्या मानाने सोपे.

दाबाच्या सेन्सरापासूनच सुरुवात करू. बीएमपी-२८० हा बॉश कंपनीचा सेन्सर जेमतेम अडीच मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या धातूच्या टोपणाला एक बारीक छिद्र असते आणि आत सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. या पडद्याच्या एका बाजूला बंदिस्त निर्वात पोकळी असते आणि दुसऱ्या बाजूवर बाहेरची हवा दाबते, त्यामुळे पडदा किंचित वाकतो. पडद्यावर बसवलेल्या रोधकांचा रोध या वाकण्यामुळे बदलतो आणि तो बदल आकड्याच्या रूपात बाहेर येतो. रोध तापमानानेही बदलत असल्यामुळे त्याच चिपमध्ये एक तापमापकही असतो. प्रत्येक पडदा घडताना थोडा वेगळा घडतो, म्हणून कारखान्यातच प्रत्येक चिपची चाचणी घेऊन तिच्यासाठीचे बारा गुणांक तिच्या स्मृतीत कायमचे लिहिलेले असतात. लायब्ररी सुरुवातीला हे गुणांक वाचते आणि मगच कच्च्या आकड्यांपासून खरा दाब काढते. त्या तापमापकाचा आकडा खोलीचे तापमान म्हणून वापरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तो चिपचे तापमान सांगतो आणि शेजारी ईएसपी-३२ सारखा गरम होणारा बोर्ड असेल तर तो आकडा सहज दोन-तीन अंशांनी जास्त येतो.

उंची वाढली की दाब घटतो, हे १६४८ साली फ्रान्समध्ये प्रत्यक्ष करून पाहिले गेले. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हा पाऱ्याची नळी घेऊन प्यू द डोम नावाच्या डोंगरावर चढला आणि माथ्यावर नळीतला पारा पायथ्यापेक्षा आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक खाली उतरल्याचे त्याला आढळले. समुद्रसपाटीजवळ साधारण दर सव्वाआठ मीटर चढणीला दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) कमी होतो. वर जावे तशी ही घट थोडी मंदावते. ते लक्षात घेऊन समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरला तर ५६० मीटर उंचीच्या पुण्यात तो सुमारे ९४८ आणि १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर सुमारे ८३० भरतो.

परंतु दाब केवळ उंचीने बदलत नाही. सूर्याच्या उष्णतेमुळे संपूर्ण वातावरणात दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते, जी विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात विशेष ठळक असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास तो उतरलेला असतो, आणि सकाळ ते दुपार हा फरक आपल्याकडे तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो. टेबल चढते ते या ओहोटीमुळे. ऋतूंचा फरक याहून मोठा आहे. मुंबईत जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१४ च्या आसपास असतो, तर जुलैत पावसाळी कमी दाबामुळे तो १००४ च्या आसपास येतो. प्रोग्रॅममध्ये १०१३.२५ हाच आकडा कायम ठेवलेला असेल, तर जुलै महिन्यात गिरगाव चौपाटीच्या वाळूत ठेवलेला सेन्सर स्वतःला समुद्रापासून पंचाहत्तर मीटर उंच समजतो.

म्हणून या सेन्सराला निरपेक्ष उंची विचारू नये, उंचीतला फरक विचारावा. उत्पादकाचे आकडेही हेच सांगतात. बीएमपी-२८० ची निरपेक्ष अचूकता सुमारे १ हेक्टोपास्कल, म्हणजे आठ-नऊ मीटर आहे. पण थोड्या वेळातल्या दोन वाचनांमधील फरक तो ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे जवळपास एका मीटरपर्यंत विश्वासाने सांगतो. जिना चढण्यापूर्वीचा दाब शून्य धरला तर तीन मीटरचा एक मजला चढताच सुमारे एक-तृतीयांश हेक्टोपास्कलचा फरक स्पष्ट दिसतो. ट्रेकला जाणाऱ्याने पायथ्याच्या गावात शून्य धरावे आणि चढाई चार-पाच तासांची असेल तर वर सांगितलेल्या भरती-ओहोटीची वजाबाकी मनात ठेवावी. घरात मात्र छताचा पंखा, जोरात आपटलेले दार आणि खिडकीतून आलेला झोत यांनीही आकडा नाचतो. सेन्सरवर स्पंजचा छोटा तुकडा ठेवला की हे बरेच शमते, आणि सिलिकॉनवर प्रकाशाचाही परिणाम होत असल्यामुळे छिद्रावर थेट ऊन पडू न देणे हिताचे असते.

याच सेन्सराचा आपल्याकडे सर्वांत जास्त मागणी असलेला उपयोग म्हणजे गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी. त्यासाठी सेन्सर पाण्यात बुडवावा लागत नाही. एक बारीक नळी टाकीच्या तळापर्यंत सोडायची, तिचे वरचे तोंड सेन्सराला हवाबंद जोडायचे, आणि पाणी चढू लागले की नळीतली कोंडलेली हवा दबते; तो दाब पाण्याच्या उंचीइतका असतो. बऱ्याच वॉशिंग मशीनमध्ये पाण्याची पातळी याच युक्तीने कळते. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९८ हेक्टोपास्कल होतो, आणि येथे एक गमतीचा अडथळा येतो. बीएमपी-२८० ची मर्यादा ११०० हेक्टोपास्कल आहे. पुण्यात ९४८ मध्ये ९८ मिळवले तरी आकडा मर्यादेत राहतो, पण मुंबईत १०१० मध्ये ९८ मिळवले की तो मर्यादेबाहेर जातो. म्हणजे पुण्यात चाललेला प्रकल्प जसाच्या तसा दादरच्या गच्चीवर चालेलच असे नाही. शिवाय या रीतीत बाहेरच्या हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो. एमपीएक्स-५०१०डीपी सारखा दोन तोंडांचा सेन्सर घेतला तर ही वजाबाकी तो स्वतःच करतो आणि त्याचा शून्य ते दहा किलोपास्कल (म्हणजे १०० हेक्टोपास्कल) हा पल्ला एक मीटरच्या टाकीला जवळपास बेतलेला असतो. नळीतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि वाचन काही दिवसांत खाली सरकते, ही या युक्तीची खोड आहे. टाकी तळाला जाऊन नळीचे तोंड उघडे पडले की हवा पुन्हा भरते आणि हिशेब मूळपदावर येतो.

आता हालचालीकडे. बाजारात 'मोशन सेन्सर' मागितला तर दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात पडू शकते. पहिली म्हणजे पांढऱ्या घुमटाचा पीआयआर सेन्सर, जो जिन्यातला दिवा आपोआप लावतो. एचसी-एसआर-५०१ हे त्याचे प्रचलित मॉड्यूल. तो काहीही बाहेर सोडत नाही. माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण घुमटाच्या भिंगांतून आत येतात आणि शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन पट्ट्यांवर पडतात. या पट्ट्या एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे दोहोंवर सारखीच उष्णता पडली तर उत्तर शून्य येते आणि उष्ण वस्तू एकीवरून दुसरीवर सरकली तरच संकेत मिळतो. याचे दोन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सेन्सरासमोरून आडवा चालणारा माणूस चटकन पकडला जातो, सरळ त्याच्याच दिशेने येणारा उशिरा पकडला जातो, आणि स्तब्ध बसून वाचणारा माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. दुसरा परिणाम उन्हाळ्याचा. सेन्सराला दिसतो तो माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरच्या तापलेल्या भिंतीचे तापमान माणसाच्या त्वचेएवढे झाले की हा फरक पुसला जातो आणि सात मीटरचा जाहीर पल्ला पुष्कळ आखडतो. चालू केल्यावर त्याला स्थिरावण्यास सुमारे एक मिनिट लागते, तेवढ्यात येणारे खोटे संकेत सोडून द्यावेत.

दुसरी वस्तू म्हणजे स्वतःची हालचाल ओळखणारा सेन्सर. जीवाय-५२१ या निळ्या पट्टीवर बसवलेली एमपीयू-६०५० ही चिप त्यांतली सर्वांत परिचित आहे. कंपनीने नव्या रचनांसाठी ती बाद ठरवली असली, तरी तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम इतके आहेत की शिकण्यासाठी मी अजूनही तीच सुचवतो. चार मिलिमीटर चौरस आकाराच्या या चिपमध्ये त्वरण मोजणारा तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर आणि वळणे मोजणारा तीन अक्षांचा जायरोस्कोप अशी दोन यंत्रे आहेत.

ॲक्सिलरोमीटरमध्ये सिलिकॉनचाच एक सूक्ष्म वजनी तुकडा सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याच्या कडेला कंगव्याचे दाते असतात आणि ते चौकटीच्या दात्यांमध्ये न टेकता गुंतलेले असतात. चौकटीला धक्का बसला की तुकडा मागे रेंगाळतो, जशी एसटी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे जातो. त्यामुळे दात्यांमधले अंतर बदलते, त्याबरोबर त्यांच्यातली विद्युत धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तीच मोजली जाते. पण हा तुकडा टांगलेला असल्यामुळे गुरुत्वाकर्षणानेही तो लोंबतो. त्यामुळे टेबलावर स्वस्थ पडलेला ॲक्सिलरोमीटर उभ्या अक्षावर शून्य न दाखवता पूर्ण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढा आकडा, दाखवतो, आणि गॅलरीतून खाली पडत असलेला ॲक्सिलरोमीटर, जो खरोखर वेगाने हालत असतो, तो तिन्ही अक्षांवर शून्याच्या जवळ जातो. हे उलटे वाटते, पण पडताना तुकडा आणि चौकट दोन्ही एकाच त्वरणाने पडतात, मग तुकडा लोंबणार कशावर? एक मीटर उंचीवरून पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. तेवढा वेळ तिन्ही आकडे शून्याजवळ राहिले की वस्तू पडत आहे हे जमिनीला टेकण्यापूर्वीच कळते.

स्थिर अवस्थेत गुरुत्वाकर्षण दाखवणे ही या सेन्सराची खोड वाटली तरी तीच त्याची सर्वांत उपयुक्त बाजू आहे, कारण तिच्यामुळे कल मोजता येतो. उणे २ ते अधिक २ जी हा पल्ला निवडला तर १ जी म्हणजे १६३८४ हा आकडा. सपाट ठेवलेली पट्टी ३० अंशांनी कलवली की आडव्या अक्षावर त्याचा निम्मा, म्हणजे ८१९२ दिसतो, कारण ३० अंशांची साइन अर्धी असते. सुताराची पातळी तपासण्याची नळी, झोपाळ्याच्या झोक्यांची मोजणी, पंप चालू आहे की बंद हे त्याच्या थरथरण्यावरून ओळखणे, असे प्रकल्प केवळ एवढ्यावर होतात.

त्वरण मिळाले म्हणजे त्याची बेरीज करत वेग आणि वेगाची बेरीज करत अंतर काढता येईल, असा विचार प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतो. गणित बरोबर असूनही हे साधत नाही. समजा सेन्सर केवळ एका अंशाने कललेला आहे आणि आपल्याला ते कळलेले नाही. तेवढ्याने गुरुत्वाकर्षणाचा ०.०१७५ भाग आडव्या अक्षात मिसळतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ०.१७ मीटर प्रतिसेकंद एवढा खोटा वेग साठत जातो. दहा सेकंदांत ही चूक साडेआठ मीटर होते आणि एका मिनिटात तीनशे मीटर. टेबलावरचा सेन्सर या हिशेबाने शेजारच्या गल्लीत पोचतो. विमाने आणि पाणबुड्या याच तत्त्वावर मार्ग काढतात हे खरे, परंतु त्यांचे सेन्सर वेगळ्याच प्रतीचे आणि वेगळ्याच किमतीचे असतात.

जायरोस्कोप वळण्याचा वेग सांगतो. त्याच्या आतला तुकडा सेकंदाला सुमारे तीस हजार वेळा पुढे-मागे थरथरत ठेवलेला असतो. चिप वळली की या थरथरणाऱ्या तुकड्यावर आडवे बल येते, ज्याला फ्रेंच गणितज्ञ कोरिओलिसचे नाव आहे, आणि त्या बलाने झालेले सूक्ष्म सरकणे पुन्हा धारकतेवरून मोजले जाते. वेग मिळाला की त्याची वेळेबरोबर बेरीज करून किती अंश वळलो हे काढायचे. येथे बेरीज एकदाच करावी लागते म्हणून चूक हळू वाढते, पण वाढते. शिवाय स्थिर असतानाही जायरो शून्य दाखवत नाही. एमपीयू-६०५० च्या माहितीपत्रकात हा दोष २० अंश प्रतिसेकंदापर्यंत असू शकतो असे नोंदलेले आहे. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना पट्टी काही सेकंद अजिबात न हलवता हजारभर वाचने घ्यावीत, त्यांची सरासरी काढावी आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ती वजा करावी. त्यानंतरही १ अंश प्रतिसेकंद एवढी चूक उरली तर मिनिटात ६० अंश घसरतात.

ॲक्सिलरोमीटर धक्क्यांनी क्षणोक्षणी विचलित होतो, पण दीर्घकाळाची सरासरी घेतली तर खाली कुठे हे तो कधी विसरत नाही. जायरो धक्क्यांना दाद देत नाही, पण कालांतराने भरकटतो. दोघांचे दोष एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असल्यामुळे त्यांना जुंपता येते. दर दहा मिलिसेकंदांनी आधीच्या कोनात जायरोने सांगितलेले वळण मिळवायचे, आलेल्या उत्तराचे ९८ टक्के आणि ॲक्सिलरोमीटरने सांगितलेल्या कोनाचे २ टक्के घेऊन नवा कोन ठरवायचा, एवढीच ही कृती. तिला पूरक गाळणी म्हणतात. या प्रमाणांत अर्ध्या सेकंदाहून लहान हालचालींसाठी जायरोचे ऐकले जाते आणि त्याहून दीर्घ काळासाठी ॲक्सिलरोमीटरचे. कालमन गाळणी ही तिची अधिक विद्वान बहीण, पण दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो उभा करायला पूरक गाळणीची एक ओळ पुरते, आणि ज्याला ती ओळ समजली नाही त्याने कालमनच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

खाली कुठे हे गुरुत्वाकर्षण सांगते, उत्तर कुठे हे मात्र ते सांगू शकत नाही. पट्टी टेबलावर सपाट ठेवून फिरवली तर ॲक्सिलरोमीटरला काहीच कळत नाही. त्यासाठी चुंबकाकडे वळावे लागते.

चुंबकीय सेन्सरांतला सर्वांत साधा म्हणजे रीड स्विच: काचेच्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या, चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात. त्याला वीजही लागत नाही, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या दाराच्या अलार्मसाठी तो आजही उत्तम आहे. पात्या चिकटताना उसळतात आणि एका वेळेला चार-पाच ठोके मोजले जातात, तेव्हा पहिल्या ठोक्यानंतर काही मिलिसेकंद कान बंद ठेवावे लागतात. हॉल सेन्सरमध्ये हलणारा भाग नसतो. धातूच्या पट्टीतून वीजप्रवाह जात असताना त्यावर आडवे चुंबकीय क्षेत्र लावले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज निर्माण होते, हे एडविन हॉलने १८७९ साली अमेरिकेत सोन्याच्या पातळ वर्खावर दाखवून दिले होते. ए-३१४४ हा त्यातला चालू-बंद प्रकार. तो चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो, म्हणून तो चालत नाही असे वाटल्यास आधी चुंबक उलटा करून पाहावा. आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला दहा किलोओहमचा पुल-अप रोधक, म्हणजे ते टोक पुरवठ्याच्या धन बाजूला बांधणारा रोधक, जोडल्याशिवाय त्यातून काहीही मिळत नाही. एसएस-४९ई हा दुसरा प्रकार क्षेत्राच्या प्रमाणात कमी-जास्त होणारे व्होल्टेज देतो आणि चुंबक नसताना पुरवठ्याच्या निम्म्यावर थांबतो.

सायकलचा वेगमापक हा यांचा नमुनेदार प्रकल्प आणि त्यात एक ठरलेली चूक होते. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. एका सेकंदात किती फेरे झाले हे मोजून वेग काढला तर वेग ७.५ किलोमीटरच्या पायऱ्यांनीच वाढतो, म्हणजे ताशी पंधरा आणि साडेबावीस यांच्या मधले काही दिसतच नाही. फेरे मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मिलिसेकंदांत मोजावा. सेन्सर तोच, चुंबक तोच, पण वेग गुळगुळीत दिसू लागतो.

दिशा सांगणाऱ्या मॅग्नेटोमीटरचे काम मात्र फार नाजूक आहे, कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार केवळ २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) असते. फ्रिजवर चिकटवायचे शोभेचे चुंबकही जवळून त्याच्या शेकडो पट असते. या नाजूकपणाची एक मोठी साक्ष मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती, आणि सप्टेंबर १८५९ मध्ये आलेल्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथल्या उपकरणांनी केली. आडवे क्षेत्र त्या वेळी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाने घसरले होते. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे उपकरणे निकामी ठरतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय विभाग अलिबागला हलवण्यात आला. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि नव्या इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला. आपल्या रोबोच्या मोटरीपासून दोन सेंटिमीटरवर मॅग्नेटोमीटर चिकटवणाऱ्याने ही हकीकत आठवावी. ट्राम रस्त्यावरून जाणार होती, मोटर तर मांडीवरच आहे.

म्हणून मॅग्नेटोमीटर मोटर, स्पीकर, बॅटरीच्या जाड तारा आणि लोखंडी स्क्रू यांपासून शक्य तितका दूर, गरज पडल्यास छोट्या प्लॅस्टिकच्या खांबावर बसवतात. तरीही सभोवतालच्या लोखंडाचा परिणाम उरतोच. सेन्सर सर्व दिशांना आठाच्या आकड्यासारखा फिरवून मिळालेले बिंदू आलेखावर मांडले, तर त्यांचा गोल केंद्रापासून सरकलेला आणि बहुधा अंड्यासारखा दबलेला दिसतो. सरकणे रोबोवरच्या कायम चुंबकांमुळे, दबणे साध्या लोखंडामुळे. प्रत्येक अक्षाच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनाची सरासरी वजा केली की गोल जागेवर येतो, आणि हौशी कामाची बहुतेक गरज एवढ्याने भागते. हे कॅलिब्रेशन सेन्सर अंतिम जागी बसवल्यानंतरच करावे. ब्रेडबोर्डवर, म्हणजे तात्पुरत्या जोडणीच्या पट्टीवर, केलेले लोखंडी गाडीवर उपयोगाचे नाही.

कल ही दुसरी अडचण. पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर नसते. मुंबईच्या परिसरात ते क्षितिजाच्या खाली पंचवीस अंशांहून थोडे अधिक झुकलेले असते, तर लंडनमध्ये सहासष्ट अंशांच्या आसपास. सेन्सर दहा अंश कलला तर उभ्या दिशेचे क्षेत्र आडव्यात मिसळते आणि आपल्याकडे दिशेत सुमारे पाच अंशांची चूक होऊ शकते; तोच कल लंडनमध्ये वीसहून अधिक अंशांची चूक करतो. परदेशी ट्यूटोरियलमध्ये कलाच्या दुरुस्तीवर एवढा भर का असतो ते यावरून कळते. दुरुस्तीसाठी कल माहीत असावा लागतो आणि तो सांगणार ॲक्सिलरोमीटर. म्हणजे उत्तर दिशा शोधायलाही खाली कुठे हे आधी विचारावे लागते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाची चिंता मात्र महाराष्ट्रात सोडून द्यावी, तो सध्या एका अंशाहूनही कमी आहे.

जोडणीबद्दल थोडे. एमपीयू-६०५०, बीएमपी-२८० आणि बहुतेक मॅग्नेटोमीटर आय-टू-सी या दोन तारांच्या पद्धतीने बोलतात. आर्डुइनो उनोवर त्या ए-४ आणि ए-५ टोकांना जातात. एकाच जोडीवर अनेक सेन्सर राहू शकतात, कारण प्रत्येकाला आपला पत्ता असतो. चिपा मुळात ३.३ व्होल्टच्या आहेत. जीवाय-५२१ वर ५ व्होल्ट तेवढ्यावर उतरवणारा रेग्युलेटर असतो, परंतु बीएमपी-२८० च्या लहान पट्ट्यांवर तो बहुधा नसतो आणि त्यांना ५ व्होल्ट दिले तर सेन्सर डोंगर चढायलाही उरत नाही. एमपीयू-६०५० वीज मिळताच झोपलेल्या अवस्थेत असते. तिच्या हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ६बी या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या खणात, शून्य लिहिल्यावर ती जागी होते. तिन्ही अक्षांवर सतत शून्य येत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच निघते.

पत्ते तपासणारा स्कॅनर प्रोग्रॅम सर्वांत आधी चालवावा, कारण पट्टीवर छापलेले नाव आणि वर बसवलेली चिप यांचा मेळ असेलच असे नाही. जीवाय-२७१ नावाच्या पट्टीवर कधी हनीवेलची एचएमसी-५८८३एल असते, तिचा पत्ता हेक्स १ई. तर कधी तिच्याच नावाशी मिळतीजुळती क्यूएमसी-५८८३एल असते, तिचा पत्ता हेक्स ०डी आणि रजिस्टरांची मांडणी वेगळी. एकीची लायब्ररी दुसरीला चालत नाही. एचएमसी स्वतःची वाचने एक्स, झेड, वाय अशा क्रमाने देते, त्यामुळे स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची उत्तर दिशा कित्येकदा आकाशात निघते. आर्द्रताही मोजणाऱ्या बीएमई-२८० च्या नावाखाली बीएमपी-२८० विकली जाण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. हेक्स डी० या रजिस्टरमध्ये चिपचा ओळखक्रमांक असतो. तो ६० आला तर चिप बीएमई आहे, ५८ आला तर बीएमपी आहे, आणि तिच्यात आर्द्रता मोजणारा भागच नसल्यामुळे कोणतीही लायब्ररी तो आणून देऊ शकत नाही.